दत्तक मूल घरात येतं तेव्हा ख्रिस्ती आईबापाच्या श्रद्धेत काय बदलतं

दत्तक मूल घेऊन एखादं जोडपं पहिल्यांदा उपासनेला आलं की चर्चच्या दारातच सुरू होतं, "किती मोठं काम केलं तुम्ही", "भाग्याची आहे पोट्टी", "देव तुम्हाला याचं फळ देईल". बोलणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. पण आईबाप अवघडून हसतात, कारण घरी त्या लेकराने रात्रभर जागवलेलं असतं, आणि आपण कोणाला वाचवून आणलं असं त्यांना वाटूनच नाही राहिलेलं असतं.

नागपुरातल्या सदर, मोहननगर, मेकोसाबाग या भागातल्या अशा बऱ्याच आईबापांशी माझं बोलणं होत असतं, त्यांच्या घरी बसून, चहावर, आणि एक गोष्ट परत परत दिसते. सुरुवातीला त्यांना वाटतं की या गोष्टीत आपली जागा देवाच्या बाजूची आहे, म्हणजे देणाऱ्याची, घरात घेणाऱ्याची. मग दिवस जातात तसे ते सरकत सरकत लेकराच्या बाजूला येतात, ज्याला घरात घेतलं गेलं त्याच्या जागी. माझ्या मते श्रद्धेतला खरा बदल हाच आहे, बाकी सगळं त्यातून येतं. हे कसं होतं ते सांगायचा प्रयत्न करते, पण यात बायबल, कायदा आणि घरातली रोजची धावपळ असं तिन्ही गुंतलेलं आहे, त्यामुळे थोडा धीर धरून वाचा.

बहुतेक जोडपी दत्तकापर्यंत पोचतात ती धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या चकरा मारून मारून. त्या सगळ्या काळात मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक त्यांना बायबलमधल्या हन्नाची गोष्ट ऐकवतात, की बघा, हन्नाने मंदिरात रडून प्रार्थना केली आणि देवाने तिला शमुवेल दिला, तुम्ही पण विश्वास ठेवा. प्रार्थनासभेत ज्यांना मूल झालं ते साक्ष देतात आणि ज्यांना झालं नाही ते मागच्या बाकावर बसून ऐकतात, मनात एकच विचार, माझाच विश्वास कमी पडला काय? इथे प्रार्थना एक व्यवहार होऊन बसते, एवढे उपास केले, एवढ्या रात्री जागून मागितलं, मग उत्तर का नाही. आणि त्यानंतर दत्तकाचा निर्णय घेतला तर घरातलीच माणसं म्हणतात, चला, देवाने दुसरा मार्ग काढला. हे वाक्य मला फार लागतं, कारण ते लेकरू कोणाचाही दुसरा मार्ग नसतं.

पण ज्या बायकांनी दत्तक घेतलं त्यांनी हन्नाची गोष्ट पुढे वाचली की त्यांना वेगळंच काही दिसतं. दूध तुटल्यावर हन्नाने शमुवेलला शिलो इथे एली याजकाकडे नेऊन ठेवलं, दुसऱ्याच्या हाताखाली वाढायला, आणि दरवर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून घेऊन जायची. म्हणजे ज्या गोष्टीत आपण स्वतःला मूल मिळालेली बाई समजत होतो, त्या गोष्टीतली हन्ना तर मूल सोपवणारी आई निघाली! एका ताईने मला सांगितलं की हे लक्षात आल्यावर तिने हन्नाचं नाव घेऊन स्वतःसाठी मागणं सोडलं आणि आपल्या मुलीला जन्म देणाऱ्या, कधी न पाहिलेल्या बाईसाठी प्रार्थना सुरू केली. मागण्याची प्रार्थना अशी वळण घेते, हे मी इतर घरांतही पाहिलं.

आता थोडं बायबलकडे वळू. दत्तकाची भाषा नव्या करारात मुख्यतः प्रेषित पौलाची आहे, रोमकर, गलतीकर आणि इफिसकर या तीन पत्रांत मिळून पाच ठिकाणी. पौल ज्यांना लिहीत होता त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्यासारखं झबल्यातलं बाळ नव्हतं. रोमन लोकांत दत्तक बहुतेक करून मोठा पुरुष घेतला जायचा, नाव आणि मालमत्ता पुढे चालावी म्हणून. रोमकरांस पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमाराचं मानतात, आणि त्या वेळी रोमच्या गादीवर नीरो होता, ज्याला क्लॉडियसने इ.स. ५० मध्ये दत्तक घेतलं होतं, स्वतःचा सख्खा मुलगा ब्रिटानिकस असताना. म्हणजे रोममधल्या गुलामाला सुद्धा माहीत होतं की दत्तक मुलगा सख्ख्याला मागे टाकून साम्राज्याचा वारस होऊ शकतो. त्या गुलामाला पौल सांगतो की तू देवाचा वारस आहेस. ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल!

आपल्या नागपूरकरांना हे समजायला तर सोपं पाहिजे. रघुजी तिसरे भोसले स्वतः दत्तक म्हणून गादीवर आले होते, ते डिसेंबर १८५३ मध्ये वारस न ठेवता गेले, आणि इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये अख्खं राज्य खालसा करून टाकलं. एक दत्तक मान्य झाला नाही आणि एवढं मोठं राज्य गेलं. दत्तक म्हणजे आधी वारसा आणि हक्क, माया त्याच्या जोडीने येते, हे या शहराने असं पाहिलेलं आहे. पौलाच्या बोलण्याचा जोर पण तिथेच आहे. देवाने दया दाखवून घरात झोपायला जागा दिली एवढंच तो म्हणत नाही, तो म्हणतो घर तुझ्या नावावर आहे.

हे समजलं की पुढची गोष्ट जास्त टोचते. रविवारी चर्चमध्ये आपण ऐकायचो की देव आपल्याला दत्तक घेऊन वारस करतो, आणि त्याच चर्चमधल्या आईबापाला स्वतःच्या घरातल्या लेकराला कायद्याने वारस करता येत नव्हतं. १९५६ साली हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा आला, त्यात हिंदू, बौद्ध, जैन, शीख आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथे दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, म्हणजे एकाच गल्लीतलं हिंदू घर आणि बौद्ध घर दोघांनाही मूल दत्तक घेता येत होतं पण मधल्या ख्रिस्ती घराला नाही. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी यांच्यासाठी होता १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा. त्यात तुम्ही फक्त पालक. मूल सज्ञान झालं की कागदावरचं ते नातं पण संपलं, आणि मृत्युपत्र केलं नाही तर मालमत्तेत त्याचा आपोआप वाटा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००० च्या सुमारास ख्रिस्ती जोडप्यांच्या प्रकरणात सोडून दिलेल्या मुलाच्या बाजूने विचार केला, की जगण्याच्या हक्कात कुटुंब मिळण्याचा हक्क पण येतो. २००० सालच्या बाल न्याय कायद्याने आणि २००६ च्या दुरुस्तीने सगळ्या धर्मांसाठी दार उघडलं, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली दत्तक घेता येतं. आता २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, त्यात दत्तक मूल सगळ्या अर्थाने पोटच्या मुलासारखंच, वारसा धरून.

आधीच्या पिढीतल्या एका काकांनी मला सांगितलं होतं की शाळेच्या फॉर्मवर वडील या रकान्यापुढे सही करताना त्यांचा हात थांबायचा, कागदपत्रांप्रमाणे ते पालक होते, बाप नव्हते. त्यांनी मृत्युपत्र करून ठेवलं, पण ते म्हणायचे की आकाशातला बाप मला वारस म्हणतो आणि मी माझ्या पोराला वारस म्हणू शकत नाही, हे मला रोज प्रभूची प्रार्थना म्हणताना आठवतं. श्रद्धा आणि कायदा वेगवेगळे असं आपण म्हणतो खरं, पण त्या माणसाच्या प्रार्थनेत कायदा येऊन बसला होता.

आता प्रक्रिया सगळी ऑनलाइन आहे, कारा म्हणजे केंद्रीय दत्तक संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी, मग समाजसेविका घरी येऊन होम स्टडी करते, तो अहवाल ३ वर्षं चालतो, मग रांगेत थांबायचं. नंबर आला की मुलाचा फोटो आणि मेडिकल रिपोर्ट येतो आणि हो म्हणायला ४८ तास मिळतात. शेवटचा आदेश आधी कोर्ट द्यायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. देशभरात २०२४-२५ या वर्षात ४,५१५ मुलं दत्तक गेली, आणि अर्ज करून बसलेले आईबाप त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे लहान बाळ पाहिजे असेल तर काही वर्षं थांबावं लागतं. या थांबण्याला बरेच जण नाताळाआधीच्या आगमनकाळाशी जोडतात, वाट पाहणं हीच उपासना वगैरे, आणि ते चांगलंच आहे. पण माझ्या पाहण्यात खरा धक्का दुसरीकडे बसतो, त्या फॉर्मवर.

फॉर्ममध्ये विचारलेलं असतं, मुलगा की मुलगी, वय किती, विशेष गरजा असलेलं मूल चालेल का. आणि तिथे रात्री मोबाइलवर बसून नवराबायको एकेका रकान्यावर टिक करत असतात, हे चालेल, हे नाही चालणार. इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे की देवाने आपल्याला जग निर्माण व्हायच्या आधीच निवडलं, हे वचन पाठ असलेली माणसं त्या रात्री स्वतः निवड करून राहिली असतात, आणि त्यांना एकदम दिसतं की आपल्या निवडीत अटी आहेत. आपण देवासारखं प्रेम करायला निघालो होतो आणि पहिल्याच पानावर आपली माया मोजून मापून निघाली. यात त्यांचा गुन्हा काही नाही, आपली ताकद ओळखून प्रामाणिक उत्तर देणं हे मुलाच्याच भल्याचं आहे, समाजसेविका पण हेच सांगते. पण ती रात्र बरेच जण विसरत नाहीत. एका भावाने सांगितलं, "त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की माझा फॉर्म कोणी भरला असता तर मी कुठल्या रकान्यात अडकलो असतो." देणाऱ्याच्या जागेवरून माणूस हलतो तो इथे.

मग मूल घरी येतं. तान्हं बाळ असेल तर वेगळं, पण ४-५ वर्षांचं किंवा मोठं मूल असलं तर पहिले महिने फार कठीण जाऊ शकतात. मूल मिठी मारत नाही, किंवा दिसेल त्याला मिठी मारतं. रागाने वस्तू फेकतं, "तू माझी आई नाहीस" म्हणतं, आणि उशीखाली पोळीचे तुकडे, बिस्किटं, संत्र्याच्या फोडी लपवून ठेवतं. ज्याचं जेवण आणि माणसं अचानक बदलत गेली त्याला उद्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. माणसाच्या पहिल्या नात्यांवर काम करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हेच मांडलं, की कोणी आपल्या हाकेला येतं हा अनुभव परत परत मिळाला तरच मुलाच्या मनात सुरक्षितपणा घट्ट होतो.

घरात मुंग्या झाल्या म्हणून आईने उशी उचलली, खाली शिळं अन्न, चिडचिड झाली, आणि मग तिला बायबलच्या निर्गम पुस्तकातला मान्ना आठवला, असं एका घरी झालेलं आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांना देव रोजच्या रोज अन्न देत होता, उद्यासाठी ठेवू नका असं सांगितलं होतं, तरी काहींनी ठेवलं आणि त्यात किडे पडले. लहानपणापासून त्या उताऱ्यावरचा उपदेश ऐकला होता, की बघा, अविश्वासू लोक. आता तिला वाटलं की हे लोक भ्यायलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेल्या माणसाला उद्या सकाळी परत मिळेल यावर विश्वास कसा बसेल? आणि देवाने त्यांना चाळीस वर्षं मान्ना दिला, साठवणाऱ्यांचा पण बंद केला नाही. तिने उशीजवळ झाकणाचा डबा ठेवला, त्यात खाऊ, रोज भरलेला, हा तुझाच आहे म्हणून. बायबल तेच, वाचणारी बदलली, असं मला वाटतं.

याच काळात कृतज्ञतेची अपेक्षा पण गळते. मूल आभार मानत नाही, आणि मानू पण नये, कोणतं मूल आपल्या आईबापाचे आभार मानतं? जे आईबाप मुलाकडून हळूच परतफेड मागत राहतात त्यांचं घर आणि त्यांची प्रार्थना दोन्ही कडू होतात, हे पण मी पाहिलंय. सगळ्यांची श्रद्धा वाढतेच असं नाही. काही जणांनी काही काळ चर्च सोडलं, कारण मूल उपासनेत ओरडलं की मागे वळून बघणाऱ्या नजरा त्यांना सहन झाल्या नाहीत.

सगळ्यात अवघड प्रश्न मूल स्वतः विचारतं, कधी झोपताना तर कधी स्कूटरवर मागे बसून. माझ्या आईने मला का सोडलं? आणि ख्रिस्ती घरातलं मूल पुढचा प्रश्न पण विचारतं, मग देवाने तसं का होऊ दिलं? इथे आईबापांना एक सोपं उत्तर तोंडावर येतं, देवाला तू आमच्याकडे यायला पाहिजे होती म्हणून. ऐकायला गोड आहे, पण जरा विचार करा, याचा अर्थ मुलाला असा लागतो की देवाने एका बाईकडून तिचं बाळ काढून घेतलं, दुसऱ्या बाईला द्यायला. असा देव त्या मुलाला आवडेल का? बऱ्याच घरांत हे उत्तर एकदा देऊन मग मागे घेतलं जातं. त्याऐवजी ते म्हणायला शिकतात की जे झालं ते दुःखाचं होतं, देवाला पण दुःख झालं, आणि आता तू आमची आहेस, हे दोन्ही खरं आहे. स्तोत्रसंहितेत तक्रारीची, रडण्याची स्तोत्रं एवढी का आहेत ते अशा घरांत समजतं, कारण तिथे आनंदाच्या दिवसात पण कोणाचं तरी नुकसान बसलेलं असतं.

मोशेची गोष्ट या घरांत खूप चालते, आणि त्यात एक बारकावा आहे जो मला एका दत्तक आईनेच दाखवला. फारोच्या मुलीने मोशेला नदीतून काढून आपला मुलगा केला, पण बायबलने तिचं नाव कुठेच दिलेलं नाही. जन्म देणाऱ्या आईचं नाव मात्र आहे, योखबेद. आणि बहीण दूर उभी राहून पाहत होती, तीच मध्ये पडली, म्हणून मोशेला दूध त्याच्या आईनेच पाजलं. म्हणजे दत्तक झालं तरी पहिली आई गोष्टीतून पुसली गेली नाही. ती ताई म्हणाली, मला आधी वाटायचं की तिचं नाव निघालं की माझी जागा कमी होते, आता नाही वाटत. मोठं झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घ्यायची सोय दत्तकाच्या नियमांत पण आहे, तो दिवस येईल हे धरून ती आतापासून मुलीशी बोलत असते.

आपल्या मध्य प्रांतातल्या ख्रिस्ती घरांना हे परकं नसायला पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन अनेक मुलींना पुण्याकडच्या केडगावला घेऊन गेल्या होत्या, आणि या भागातल्या मिशनांनी पण त्या दुष्काळात पोरकी मुलं सांभाळली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पणजी-पणजोबांची ओळख मिशनच्या बोर्डिंगपासून सुरू होते, त्याच्या मागचं गाव, आडनाव, आईबाप काहीच माहीत नाही. आपण याला देवाची कृपा म्हणतो, आणि ती आहेच. पण त्या मुलांमागे कोण सुटलं हे विचारायची सवय आपल्याला लागली नाही.

ही सवय का पाहिजे याचं एक उदाहरण. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात इव्हॅन्जेलिकल, म्हणजे सुवार्तेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, चर्चेसमध्ये दत्तकाची मोठी चळवळ झाली, देवाने आपल्याला दत्तक घेतलं म्हणून आपणही घ्यायचं, असा त्यांचा विचार. डेव्हिड स्मोलिन या तिथल्या ख्रिस्ती कायदा-प्राध्यापकाने आणि त्याच्या बायकोने १९९८ मध्ये भारतातून दोन बहिणी दत्तक घेतल्या, आणि नंतर कळलं की मुलींची आई जिवंत होती, तिने त्यांना दत्तक द्यायला कधी सोडलंच नव्हतं. त्यानंतर स्मोलिनने आपलं सगळं शिक्षण दत्तकातले गैरप्रकार उघड करण्यात लावलं, आणि पौलाच्या वचनांचा असा सरळसोट वापर चुकीचा आहे असंही ठामपणे लिहिलं. मला त्याचं पटतं. देवाने केलेल्या दत्तकात कोणा आईचं मूल हिरावलं गेलेलं नाही, आपल्या दत्तकात ती शक्यता असते, म्हणून तर एवढी कागदपत्रं, एवढ्या तपासण्या. फॉर्मला आणि रांगेला कंटाळून कोणी "ओळखीच्या सिस्टर आहेत, डायरेक्ट मिळवून देते" म्हणालं तर तिथून उठून या, मग ती व्यक्ती कितीही प्रार्थना करणारी असो.

बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेचा, प्रश्न पण येतोच, थोडक्यात सांगते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला इथे नागपुरातच सहा चर्चेस मिळून झालं, आणि त्यात बाळपणीचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. मोठं मूल दत्तक घेतलेल्या आईबापांना याचा आधार होतो. ७ वर्षांची मुलगी कालपर्यंत संस्थेत गणपतीची आरती म्हणत होती, तिचं नाव, तिची गाणी, तिचे सण एका रविवारी बदलून टाकायची घाई कशाला. माझ्या ओळखीच्या घरांनी थांबणं पसंत केलं, मुलं स्वतः विचारेपर्यंत.

याकोबाच्या पत्रातलं वचन सगळ्यांना पाठ आहे, अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं. दत्तकाच्या प्रत्येक कार्यक्रमात अनाथ वाचलं जातं आणि विधवा राहून जाते. दत्तक घेतलेले आईबाप काही वर्षांनी दुसरा शब्द पण वाचायला लागतात, एकटी पडलेली बाई, जिच्याकडे भाडं नाही, बाळंतपणाचे पैसे नाहीत, घरच्यांनी दार लावलं. आपल्या कायद्यात बाळ सोपवणाऱ्या आईला बाल कल्याण समितीसमोर कागद झाल्यावर परत विचार करायला दोन महिने मिळतात. आता मंडळीतली काही दत्तक घेतलेली जोडपी पाळकसाहेबांकडे हेच मागून राहिली आहेत, की अनाथाश्रमाला नाताळात केक आणि ब्लँकेट द्या, पण एक फंड अशा बाईसाठी पण ठेवा, राशन, खोलीचं भाडं, दवाखान्याचं बिल, आणि कोणी सोबत बसायला, म्हणजे तिला बाळ ठेवायचंच असेल तर ते तिला ठेवता येईल.